पूल आला, बाबा

इंटरनेटची लाईन जोडणारा माणूस वेळेच्या आधीच आला. सामानाची गाडी पुढे गेली होती आणि पेइ-रुंग आईला घेऊन टॅक्सीत वाटेतच होती, तेव्हा त्याचा फोन आला की मी खाली उभा आहे, मजला कितवा. तिने पाचवा म्हणून सांगितलं. वर पोचून पाहते तर हा बुटांवर निळ्या पिशव्या चढवून दाराशी हजर. वीस मिनिटांत त्याने भिंतीतून केबल बाहेर काढली, तिला एक काळी डबी जोडली आणि तिचा हिरवा दिवा दाखवला. वायफायच्या डब्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात आणून देतो, तोवर केबलवर भागवा, असं सांगून तो गेला.

पेइ-रुंगचं केबलवर भागलं असतं. आईचं भागणार नव्हतं. आईच्या फोनला सिमकार्डवरचं नेट नव्हतं, ते बाबांनी कधी घेऊच दिलं नव्हतं. रोज दुपारी चार वाजता ती चहाचा पेला घेऊन बसायची, फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवायची आणि तासभर हातबाहुल्यांचा खेळ पाहायची. बाबा होते तोवर दोघं पाहत. खलनायकाची बाहुली आली की बाबा त्याच्या आधी त्याचं वाक्य म्हणत आणि आई त्यांना गप्प बसायला सांगे. बाबा जाऊन आठ महिने झाले होते. आता गप्प बसा म्हणायला कोणी उरलं नव्हतं, तरी चार वाजता ती बसायची.

कीलुंग शहरातल्या टेकडीवरचं ते घर सोडलं ते आईच्या पायांसाठी. रस्त्यापासून घरापर्यंत एकशे बारा पायऱ्या, आणि वर्षातले दोन-तृतीयांश दिवस त्या ओल्या. गेल्या हिवाळ्यात आई दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा शेजारीण भाजी आणायला निघाली म्हणून दिसली, नाहीतर संध्याकाळपर्यंत तशीच राहिली असती. म्हणून पेइ-रुंगने खाली, कालव्याच्या काठी, लिफ्ट असलेली ही दोन खोल्यांची जागा घेतली. जुन्या घराच्या किल्ल्या महिनाअखेरीस नव्या मालकाला द्यायच्या होत्या.

पेइ-रुंग एकोणपन्नास वर्षांची होती आणि बंदरावर वजनकाट्यावर काम करत होती. ट्रक यायचा, काट्यावर चढायचा, आकडा यायचा, ती तो लिहायची. ड्रायव्हर हुज्जत घालत, शपथा घेत, पण काट्याने सांगितलं ते सांगितलं. सव्वीस वर्षं हे केल्यावर माणसाचा स्वभावही तसाच होतो. बाबा तिला चिडवायचे, की आ-रुंगला देव भेटला तरी ही आधी त्याला काट्यावर चढवेल.

पहिल्याच दिवशी चार वाजता आईने बूट घातले आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"कुठे निघालीस?" पेइ-रुंगने विचारलं.

"वर घरी. तुझे बाबा आले नाहीत. तिथेच बसलेत वाटतं. जाऊन घेऊन येते."

पेइ-रुंगने तिला हाताला धरून कपाटापाशी नेलं. बाबांच्या नावाची लाकडी पाटी तिथे मांडलेली होती; गेलेला माणूस अशा पाटीत राहतो म्हणतात. सकाळी तिने स्वतः ती बांबूच्या टोपलीत ठेवून, वर काळी छत्री धरून, मांडीवर घेऊन आणली होती. पुढे उदबत्ती होती, मोसंबी होती, काही कमी नव्हतं.

"ही पाटी आहे," आई म्हणाली. "माणूस कुठाय?"

मग तिने कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत धरल्या, आलात का म्हणून विचारलं आणि फरशीवर टाकल्या. एक उताणी आणि एक पालथी पडली तर होय. दोन्ही पालथ्या पडल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही. पेइ-रुंगने समजूत घातली की असं होतं, नाणं उडवल्यासारखंच आहे. आईने बूट काढले, पण चहा घेतला नाही. रात्री भात चिवडला आणि वाटी परत दिली.

दुसऱ्या दिवशीही तेच. चारला बूट, दार, तीन कौल, तीनही नाही. तिची रजा शनिवारी संपत होती. रविवारपासून ती कामावर गेली की दुपारभर आई एकटी, खाली लिफ्ट, समोर रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला त्या एकशे बारा पायऱ्या. आईला इथे रमवायचं तर तिचा चार वाजताचा तास आधी परत आणला पाहिजे, असं तिला वाटलं. म्हणजे वायफाय हवं. डबी पुढच्या आठवड्यात येणार होती, पण डबी बाबांकडे तरी कुठे होती?

बाबांचं मंदिराच्या मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्हीही कोणी दुरुस्त करेना, तेव्हा वयाच्या पासष्टाव्या वर्षी हा गृहस्थ लोकांनी टाकलेले लॅपटॉप घरी आणून त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवायला लागला. डबी कशाला विकत घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. लॅपटॉपला कान आहे आणि तोंडही आहे. केबलने कानात आलेलं तोंडाने घरभर सांगत सुटायचं, तुझ्या धाकट्या आत्यासारखं. आणि खरंच त्यांचा एक जाडजूड काळा लॅपटॉप अकरा वर्षं टेकडीवरच्या घरात डबीचं काम करत होता.

तो लॅपटॉप तिने खोक्यातून काढला. बरोबर निळ्या पुठ्ठ्याची वही होती. वहीत मधल्या एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, घरातलं वायफाय, आणि खाली बारीक अक्षरांत, मी नसताना. ते दोन शब्द तिने आजवर वाचले नव्हते. ती थोडा वेळ नुसती त्या पानावर हात ठेवून बसली. मग चष्मा पुसून कामाला लागली.

आधी केबल लॅपटॉपला लाव, बाबांनी लिहिलं होतं, हसू नकोस, लोक हेच विसरतात. मग बिनतारी कार्ड जागं आहे का ते यंत्रालाच विचार. त्याला नुसतं ऐकता येतं की स्वतः बोलताही येतं, तेही विचार, कारण काही कार्डं फक्त ऐकणारी असतात, त्यांच्याशी लग्न करावं, वायफाय करू नये. पुढे काळ्या पडद्यावर टाइप करायच्या ओळी होत्या, प्रत्येकीखाली तिचा अर्थ. एका ओळीखाली तर तंबीच होती. आ-रुंग, वाचल्याशिवाय एंटर दाबलंस. मला माहीत आहे. परत वाच.

तिने खरंच वाचल्याशिवाय दाबलं होतं.

कार्ड काही जागं होईना. दोन तास ती झगडली. ड्रायव्हर तपासला, यंत्र बंद करून चालू केलं, तीन वेळा सगळं पहिल्यापासून केलं. शेवटी पान उलटलं तर मागे एकच वाक्य. सगळं करून थकलीस तर डाव्या कडेची बारीक कळ बघ, मी तीनदा फसलोय. खोक्यात घासून ती कळ सरकली होती. तिने नखाने जागेवर आणली आणि कार्ड उठलं. पेइ-रुंगला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. घरात कोणी पाहायला नव्हतं, आई आत पडली होती, म्हणून तिने ते पुसले नाहीत.

नाव जुनंच ठेवलं, शुइ-वांग रेडिओ. शुइ-वांग म्हणजे बाबा. पासवर्डही जुनाच, आ-थाओ जेवलीस का. आ-थाओ म्हणजे आई. बाबा बाहेरून आले की उंबऱ्यातूनच हा प्रश्न विचारत, मग दुपारचे तीन का वाजलेले असेनात. त्यांच्या मते पासवर्ड असा असावा की जो रोज तोंडात असतो.

जोडणी झाली. आईचा फोन लगेच जोडला गेला, त्याला नाव-पासवर्ड आठवत होतं. बाहुल्यांचा ढोल वाजला आणि आई उठून बाहेर आली. पाहिलं, बसली. पण बूट घालून बसली.

कोण कोण जोडलंय ते पाहायची एक ओळ वहीत होती. प्रत्येक यंत्राला जन्मापासून एक क्रमांक असतो, तो दिसतो, आणि शेजारी एक उणे आकडा. शून्याच्या जेवढा जवळ तेवढं माणूस जवळ, बाबांनी लिहिलं होतं. उणे तीस म्हणजे उशाशी. साठ म्हणजे जिन्यात. पंच्याऐंशी म्हणजे हाक मारली तरी ऐकू येणार नाही. खाली घरातल्या यंत्रांचे क्रमांक होते आणि पुढे कोणाचं काय ते. आ-रुंग. आ-थाओ. मी.

गुरुवारी चार वाजता तिने सहज ती ओळ चालवली, तर यादीत तीन क्रमांक होते. तिसऱ्याचा आकडा उणे चौऱ्याऐंशी. क्षणभरात तो गेला आणि पुन्हा आला. पेइ-रुंगने वही उघडून क्रमांक ताडून पाहिला. एकेक अक्षर बोट ठेवून पाहिलं.

'मी'चा क्रमांक होता.

बाबांचा तो फोन शोधायची गरजच नव्हती. तो तिच्याच खणात होता. गेल्या उन्हाळ्यात त्याची बॅटरी फुगली म्हणून बाबांनी ती स्वतः उपसून कचऱ्याच्या गाडीत दिली होती. नवी आणू म्हणता म्हणता ते इस्पितळात गेले. तिने खण उघडला. फोन होता, पाठ उघडी, बॅटरीच्या जागी चौकोनी खड्डा. तिने तो हातात धरून ठेवला आणि यादी पुन्हा पाहिली. उणे चौऱ्याऐंशी. आला, गेला, आला.

आपल्या बाईने त्यावरही शांतपणे विचार केला. काटा कधी चुकतच नाही असं नाही, पण तो का चुकला ते सापडतं. कोणीतरी पासवर्ड मिळवला असेल, क्रमांक नकलला असेल. तिने पासवर्डात एक अक्षर बदललं. लगेच यादीतला तिसरा गेला. पण पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत, जिथे येणारे-जाणारे नोंदले जातात, तिथे ओळी पडू लागल्या. दर अर्ध्या मिनिटाला एक. तोच क्रमांक दार वाजवतोय, पासवर्ड चुकीचा, बाहेर. पुन्हा वाजवतोय, बाहेर. अशा अकरा ओळी तिने मोजल्या. बाहेर पाऊस लागलेला होता. बाराव्या ओळीला तिला राहवलं नाही आणि तिने जुना पासवर्ड परत घातला. आपण आपल्याच माणसाला दाराबाहेर ठेवलं, असं तिला उगाच वाटत राहिलं, आणि उगाच वाटतंय असं स्वतःला बजावूनही ते जाईना.

शुक्रवारी आईने सकाळची पेजही नको म्हटलं. पाच दिवसांत ती उतरली होती, मनगटातली जेडची बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. चार वाजता तिने बूट घातले, कौल लावले. पहिला नाही. दुसरा नाही. तिसरा नाही. पेइ-रुंगने मनात हिशेब केला. पंधरा वेळा सलग. बत्तीस हजारांत एकदा होईल अशी गोष्ट. काट्यावर असं झालं असतं तर तिने काटा तपासला नसता. ट्रकमध्ये काय आहे ते पाहिलं असतं.

"उद्या तू नको म्हणालीस तरी मी जाणार," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "ते पावसात बसलेत."

"घरात पाऊस येतो का, आई?"

"मी कुठे म्हटलं घरात."

पेइ-रुंगने लॅपटॉपची केबल काढली. बॅटरीवर तो चाळीस मिनिटं चालायचा, आणि बाहेरची लाईन नसली तरी आपलं नाव पुकारत राहायचा. ती तो उघडाच हातावर घेऊन घरात फिरली. स्वयंपाकघरात उणे अठ्ठ्याऐंशी, मग यादीतून गायब. आईच्या खोलीत चौऱ्याऐंशी. कालव्याकडच्या खिडकीशी एकोणऐंशी. म्हणजे जे काही होतं ते कालव्याच्या बाजूला होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि जे हाताशी आलं ते घेतलं. बाबांना आणलेली टोपली, आणि तीच काळी छत्री. लॅपटॉप टोपलीत ठेवला. आईला सांगितलं, दहा मिनिटांत येते, दार उघडू नकोस.

"टॉवेल काढून ठेवते," आई म्हणाली.

खाली रस्त्यावर उणे बहात्तर.

फुटपाथवर लोक सुटलेल्या कचेऱ्यांतून घरी निघाले होते. टोपली आणि वर काळी छत्री पाहून जो तो बाजूला होत होता. कोणी वर मान करून पाहत नव्हतं. अशा छत्रीखाली काय नेतात ते सगळ्यांना ठाऊक. त्यात लॅपटॉप आहे हे कोणाला ठाऊक असणार, पेइ-रुंगला वाटलं, आणि तिला जराशी लाजही वाटली.

कोपऱ्यावर उणे एकसष्ट. पुलाच्या तोंडाशी बावन्न.

पूल लहानसाच, अलीकडून पलीकडे पन्नास पावलं. अलीकडच्या टोकाला मासळीच्या तळलेल्या वड्या विकणारे म्हातारे लाइ आजोबा बसायचे. ती पुलावर चढली. पंचेचाळीस. चाळीस. पलीकडच्या कठड्याशी पोचली तेव्हा आकडा उणे एकोणतीस झाला.

तिथे कोणी नव्हतं. ओला कठडा, एक सायकल बांधलेली, खाली हिरवं पाणी. ती उभी राहिली आणि आकडाही उभा राहिला. एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस.

आणि तिला आठवलं.

पाटी न्यायच्या आधी मंदिरातल्या भटजींनी एकच गोष्ट दोनदा बजावून सांगितली होती. वाटेत पूल आला की सांगायचं. ज्याला नेताय त्याला वाट माहीत नसते, पाण्यावरून तो आपणहून येत नाही. पहिल्या पुलाला तिने सांगितलं होतं, जरा हळूच, टॅक्सीवाला ऐकेल म्हणून. दुसऱ्यालाही सांगितलं होतं. तिसऱ्या पुलावर टॅक्सी चढली तेव्हा तिचा फोन वाजला. मी खाली उभा आहे, मजला कितवा. पाचवा, ती म्हणाली होती. पाचवा मजला, डावीकडचं दार. आणि तेवढ्यात पूल संपला होता.

सोमवार ते शुक्रवार. पाच दिवस.

पेइ-रुंगने छत्री टोपलीवरून जरा कठड्याकडे सरकवली. तिच्या खांद्यावर पाऊस पडू लागला.

"बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी हळू म्हणाली नाही. "चुकलं माझं. पूल आला, बाबा. माझ्याबरोबर या. ओलांडतोय आपण."

ती चालू लागली. पडद्याकडे पाहायचा तिला धीर होईना. पुलाच्या मध्यावर तिने पाहिलं. उणे एकोणतीस. अलीकडच्या टोकाला उणे एकोणतीस. लाइ आजोबांनी झारा खाली ठेवला आणि ते उठून उभे राहिले.

"सावकाश ने," ते म्हणाले. "फरशी निसरडी झालीय."

कोपरा, रस्ता, लिफ्ट. लिफ्टमध्ये उणे चोवीस. जागा लहान होती.

दार उघडलं तर आई समोरच टॉवेल घेऊन उभी. तिने पेइ-रुंगकडे पाहिलंही नाही. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर पसरला, बूट काढून कपाटात ठेवले आणि कौल टाकला. एक उताणी, एक पालथी. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. मग आईने भात मागितला, आणि दोन वाट्या जेवली, वर माशाचं सूप प्यायली. रात्री पेइ-रुंगने खुर्चीवरचा टॉवेल उचलला. तो ओला होता. तिने तो वाळत घातला आणि त्यावर फार विचार करायचा नाही असं ठरवलं.

त्या शुक्रवारपासून सोळा दिवस त्या घरात आनंद होता, दुसरा शब्द नाही. आई खाऊ-पिऊ लागली. चार वाजता फोन साखरेच्या बरणीला टेकवायची, शेजारची खुर्ची जरा ओढून घ्यायची. पेइ-रुंग दुपारी कामावरून आली की बाहेरूनच तिला आईचा आवाज ऐकू यायचा, गप्प बसा हो, ऐकू द्या मला. ती दाराबाहेर मिनिटभर थांबायची आणि मग किल्ली लावायची. वायफायची डबी घेऊन तो माणूस आला तेव्हा तिने नको म्हणून सांगितलं.

यादी पाहायची तिला सवय लागली. चार ते पाच आईचा फोन उणे तीस, 'मी' उणे तीस. सहाच्या सुमाराला 'मी' एक्केचाळीस, म्हणजे स्वयंपाकघरात. बाबा पातेल्यांची झाकणं उचलून पाहायचे त्याच वेळी. एकदा तिने पाठमोरीच म्हटलं, अजून शिजायचंय, हात लावू नका. मग स्वतःशीच हसली. जुन्या घराच्या किल्ल्या तिने वेळेवर दिल्या.

सतराव्या दिवशी रविवार होता, तिची सुट्टी बदलून आलेली. आईने सकाळी केस धुतले. चार वाजता बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात कुसुंबी जाकीट होतं आणि पायांत बूट.

"बूट कशाला?" पेइ-रुंगने विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती आणि ती आईला कळली.

"कुठे जात नाहीये मी. पाय गार पडलेत." आई खुर्चीत बसली, पेला हातात घेतला. "तू जेवलीस का, आ-रुंग?"

"जेवले की."

"नीट जेवत जा."

ढोल वाजला, बाहुल्या आल्या. पेइ-रुंग टेबलाच्या पलीकडच्या बाजूला लॅपटॉप पुढे घेऊन बसली होती, वही शिवत, तिची पाठ सुटली होती म्हणून. खेळ थांबला तेव्हा तिने वर पाहिलं. आईच्या फोनवर चक्र फिरत होतं. लाईन गेली वाटून तिने यादी पाहिली.

तिचा फोन उणे अठ्ठावीस. आईचा उणे सेहेचाळीस. 'मी' उणे सेहेचाळीस.

"आई, फोन का हलवलास," ती म्हणाली. फोन बरणीला टेकलेला होता. हातभर अंतरावर.

उणे पंचावन्न. दोन्ही.

ती उठली. आईचा पेला मांडीवर सरळ होता, एक थेंब सांडला नव्हता. डोळे मिटलेले. हात गरम होता. पेइ-रुंगने नाकाशी बोट धरलं, मनगट धरलं, पुन्हा नाकाशी बोट धरलं. हाका मारल्या. खांदे धरून हलवलं. मग तिने आपला फोन घेऊन रुग्णवाहिकेचा क्रमांक लावला. पलीकडची मुलगी शांतपणे पत्ता विचारू लागली. कुठला रस्ता, कितवी इमारत.

लॅपटॉप समोरच होता. उणे बासष्ट, बासष्ट. म्हणजे खाली रस्त्यावर. उणे सत्तर.

उणे चौऱ्याहत्तर.

आणि तिथे आकडे थांबले.

चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर. तिला खिडकीपर्यंत जायचीही गरज नव्हती, पण ती गेली. खाली पूल होता. छत्र्या येत-जात होत्या. अलीकडच्या टोकाला लाइ आजोबा झारा खाली ठेवून उठून उभे राहिले होते.

"मजला कितवा?" फोनमधली मुलगी विचारत होती. "ऐकताय ना? मजला कितवा?"

तिने हाक मारली नसती तर ते तिथेच थांबले असते. हे तिला काट्यावरच्या आकड्याइतकं स्वच्छ कळत होतं. आई इथून साठ पावलांवर राहिली असती, रोज यादीत दिसली असती. एक क्षण तिला तेच हवं होतं. जगात दुसरं काही नको होतं. पण पाऊस पडत होता, आणि त्या पावसात पाच दिवस थांबणं म्हणजे काय हे तिने एकदा घरी आणून वाळत घातलं होतं.

तिने फोन कानाजवळून काढून टेबलावर ठेवला. खिडकी पूर्ण उघडली.

"आई," ती ओरडली. "बाबा. पूल आला. सावकाश जा, निसरडं आहे. पूल आला, आई."

उणे अठ्ठ्याहत्तर. त्र्याऐंशी. मग यादीत एकच क्रमांक उरला, तिचा स्वतःचा. खाली लाइ आजोबा पुन्हा आपल्या कढईशी बसले.

तिने फोन उचलून पाचवा मजला, डावीकडचं दार, असं सांगितलं. मग ती आईपाशी येऊन बसली, तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि तो हात आपल्या हातात धरला. समोर आईचा फोन साखरेच्या बरणीला टेकलेला होता, लॅपटॉपपासून हातभर लांब. बाहुली मधेच हात उचलून थांबली होती, आणि खाली बारीक अक्षरांत आलं होतं, शुइ-वांग रेडिओ फार दूर आहे.

पेइ-रुंगने वाकून आईच्या पायांतले बूट काढले. ते आतून कोरडे होते. तळ मात्र ओले होते, आणि त्यांना पुलावरची बारीक काळी रेती लागलेली होती.